पगारीसाठी सातबारा? अण्णा, जरा थांबा

पत्र असं आहे:

"रामराम ताई. मी गंगाखेड तालुक्यातला शेतकरी, वय ६८. घरात अन् गावात सगळे अण्णा म्हणतात. पाच एकर जमीन आहे. तीन एकर वडिलार्जित, कोरडवाहू. दोन एकर मी १९९७ साली विकत घेतली, तिच्यात विहीर आहे. थोरला चाकणला कंपनीत, ठेकेदाराकडं. धाकटा पस्तीसचा, गावातच, शेती बघतो अन् दूध घालतो. लेक अंबाजोगाईला दिली. माझे गुडघे गेलेत. फवारणी होत नाही, बांधावर चढायचं तर हात धरावा लागतो. गावातला एकजण म्हणतो, सगळी जमीन पोरांच्या नावावर करून टाका, सातबाऱ्यावरून नाव निघालं की तुमची अन् मंडळीची श्रावणबाळची पगार चालू करून देतो, पाच हजार लागतील. मंडळी त्रेसष्टची आहे. धाकटा म्हणतो बक्षीसपत्र करा, मला बँक दारात उभं करत नाही. गावातलाच एक पाव्हणा तीन एकर ठोक्यानं मागतोय, एकरी बारा हजार. पण ठोक्यानं दिली अन् कूळ लागलं तर? दारात गाय आहे, ती ठेवावी का विकावी? तेवढं सांगा."

अण्णा, रामराम.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा शेतीसाठी, दुसऱ्यांदा त्यात वहिनी कुठं आहेत ते बघायला. दोनदा सापडल्या, दोन्ही वेळा पगारीच्या हिशेबात. त्यांच्याकडं येऊच, पण आधी त्या पाच हजारवाल्याचं बघू. तुमची खरी घाई तिथंच आहे.

नोकरीची शेवटची सात वर्षं मी तहसीलच्या संजय गांधी शाखेत काढली. श्रावणबाळची, म्हणजे गरीब म्हाताऱ्यांच्या सरकारी पेन्शनची फाइल कशी येते आणि कुणाच्या काखेतून येते, हे मला चांगलं माहीत आहे. नियम तसा साधा आहे. वय ६५ पूर्ण हवं आणि घराचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं, मग महिन्याला १,५०० मिळतात. वहिनी ६३ च्या आहेत, म्हणजे त्यांचा अर्ज आज होऊच शकत नाही. तो माणूस दोघांची करून देतो म्हणतो, म्हणजे आधारवर त्यांचं वय दोन वर्षांनी वाढवणार. असली वाढवलेली वयं मी टेबलावर किती पाहिली! एका बाईचं वय तर असं वाढवलं होतं की तिची आई आणि ती यांच्यात नऊ वर्षांचं अंतर उरलं होतं. तपासणीत सापडलं की पगार बंद होते आणि घेतलेले पैसे परत भरायची नोटीस येते. नोटीस एजंटाला येत नाही, ती ज्याचा अंगठा त्याला येते.

आता तुमचं. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. पाच-सहा दिवसांच्या मजुरीएवढा हा आकडा, आणि त्यात अख्खं घर बसवायचं. माझं स्पष्ट मत आहे की ही मर्यादा सरकारनं कधीच बदलायला हवी होती. तिच्यामुळं गरीब माणसालाही खोटा दाखला काढावा लागतो आणि मग तो जन्मभर एजंटाचा मिंधा राहतो. पण तुमच्या बाबतीत तेवढी अडचण तरी आहे कुठं? पाव्हण्याचा ठोका, म्हणजे जमीन कसायची वर्षाची ठरलेली रक्कम, तीच ३६,००० होते. मुळात जमीन नावावरून गेली म्हणून घराचं उत्पन्न कागदावर आपोआप शून्य होत नाही. तलाठी चौकशीला येतात, एका चुलीवर जेवणारी माणसं त्यांना दिसतात.

बरं, समजा झालंच सगळं त्याच्या मनासारखं. तुमचा हिशेब मांडून बघा. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून आज पीएम किसानचे ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरीचे ६,००० असे वर्षाला १२,००० तुमच्या खात्यावर येतात. म्हणजे महिन्याला हजार. नाव निघालं की ते गेले. पोरांना ते मिळतील असंही नाही, कारण १ फेब्रुवारी २०१९ नंतर वारशाशिवाय दुसऱ्या कुठल्या मार्गानं नावावर आलेल्या जमिनीला हा हप्ता मिळत नाही. बक्षीसपत्र हा वारसा नव्हे. म्हणजे हजार घालवून दीड हजार मिळवायचे. वर पाच हजार त्याला द्यायचे, ते फिटायलाच दहा महिने जातील. पाचशे रुपये महिन्यासाठी पाच एकर सोडणारा माणूस तुम्ही नाही, अण्णा. तुम्हाला कुणी हा हिशेब असा मांडून दाखवला नाही, एवढंच.

आमच्याकडंच घडलेली एक गोष्ट सांगते, नाव-गाव राहू द्या. माझ्या एका चुलत्यांनी सत्तरी गाठल्यावर सगळी जमीन एकुलत्या मुलाच्या नावावर केली. मुलगा वाईट नव्हता. आजही नाही. दोन वेळचं ताट, औषधं, अंथरूण, कशाची उणीव नव्हती. काकांना तंबाखूची सवय. पूर्वी बंडीच्या खिशात सुटे पैसे असायचे, ते दुकानात जाऊन पुडी आणि चुन्याची डबी घ्यायचे. जमीन दिल्यावर खिसा रिकामा. मुलाकडं दहा रुपये मागितले तर तो म्हणाला, "दुकानदाराला सांगून ठेवलंय ना दादा, माझ्या खात्यावर घेत जा." चांगल्या मनानंच म्हणाला. दुकानदार वहीत लिहायचा: दादा, तंबाखू, दहा. महिनाअखेरी मुलगा हिशेब करायला गेला की दुकानदार ओट्यावरच्या चार माणसांत मोठ्यानं वाचायचा. काकांनी तिसऱ्या महिन्यात तंबाखू सोडली. घरात सगळ्यांना आनंद झाला. मला नाही झाला.

छळ करणाऱ्या पोरांच्या गोष्टी पेपरात येतात. न छळणाऱ्या पोरांच्या घरी काय होतं ते असं वहीत लिहिलेलं असतं, म्हणून हे सांगितलं.

तेव्हा बक्षीसपत्र नको. मुलाला शेतजमीन बक्षीस द्यायला २०१५ पासून मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, त्यामुळं ते फार सोपं वाटतं, आणि सोपं वाटतं म्हणूनच लोक घाईनं करतात. एकदा नोंदलं की मागं फिरणं अवघड. आधीच करून बसलेले कुणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी सांगते. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा जो कायदा आहे, त्याच्या कलम २३ खाली प्रांतांकडं, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. सांभाळायच्या अटीवर जमीन दिली आणि सांभाळलं नाही, तर ते हस्तांतर रद्द होऊ शकतं. 'अटीवर' हा शब्द मात्र सोडू नका. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये ही अट दाखवावी लागेल असं म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात, हा कायदा म्हाताऱ्यांच्या बाजूनं उदारपणे वाचला पाहिजे असंही म्हटलं. तरी निकालाच्या उदारपणावर अवलंबून राहू नये. ज्यांना बक्षीसपत्र करायचंच आहे त्यांनी 'हयातभर सांभाळ, औषधपाणी आणि दरमहा अमुक रुपये' हे वाक्य त्याच दस्तात घालून घ्यावं. लिहिणारा म्हणेल, घरच्या घरी कशाला हे? तरी घालावं.

मग तुम्ही काय करावं? वाटणी. पण अर्धवट नाही, आणि तुमचा वाटा ठेवून.

वडिलार्जित तीन एकर आणि तुम्ही घेतलेली दोन एकर, ही दोन वेगळी खाती मनात ठेवा. विहिरीची दोन एकर तुमच्या स्वकष्टाची, तिचं काय करायचं ते तुम्ही ठरवायचं. १९९७ चं खरेदीखत शोधून ट्रंकेत वर काढून ठेवा, लागेल. वडिलार्जित तीन एकरांत मात्र तुमच्याबरोबर दोन्ही मुलांचा आणि लेकीचाही जन्मानं हक्क आहे. आपल्या राज्यानं १९९४ सालीच मुलींना तो दिला, केंद्राचा कायदा २००५ ला आला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उरलेली शंकाही मिटवली. बाप आणि मुलांत वाटणी होते तेव्हा आईलाही वाटा असतो, हे गावात कुणी सांगत नाही. म्हणजे पाच वाटे. तीन एकर म्हणजे १२० गुंठे, पाचानं भागले की २४ गुंठे. तुकडेबंदीत आपल्याकडं कोरडवाहू जमिनीचा तुकडा आता २० गुंठ्यांच्या खाली करता येत नाही. तुमचा २४ चा वाटा जेमतेम बसतो. म्हणजे अण्णा, या जमिनीची ही शेवटची कायदेशीर वाटणी. तुमच्या नातवंडांना ती वाटता येणार नाही, एकानं घ्यावी लागेल किंवा सगळ्यांनी मिळून कसावी लागेल. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रात एका खातेदाराकडं सरासरी सव्वाचार हेक्टर जमीन होती, २०१५-१६ ला ती १.३४ हेक्टरवर आली. आकडा राज्याचा, पण तुमच्या घरातही तो दिसतोच. तुमच्या वडिलांना किती होती ते आठवा.

सगळ्यांची संमती असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडं अर्ज करून वाटणी होते, दिवाणी कोर्टात जायची गरज नाही. लेकीला बोलवा. तिला घ्यायचा नसेल वाटा तर ती तसं म्हणेल आणि हक्कसोड लिहून देईल. पण भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटाशेजारी हक्कसोडीचा कागद ठेवू नका, हात जोडून सांगते. ताटापुढं बसलेली बहीण काय नाही म्हणणार? तिला दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी विचारा, आणि विचारताना जावई शेजारी नको नि धाकटाही नको.

ही वाटणी झाली की काय होतं बघा. धाकट्याला स्वतःचा २४ गुंठ्यांचा सातबारा, स्वतःचा आठ-अ, म्हणजे खाते उतारा, मिळतो. बँकेच्या दारात उभं राहायला तेवढं पुरतं. कर्ज मोठं मिळणार नाही, ते बरंच आहे. तुमच्याकडं आणि वहिनींकडं मिळून ४८ गुंठे कोरडवाहू आणि ८० गुंठे विहिरीची, म्हणजे सव्वातीन एकराच्या आसपास राहते. तुमचं नाव सातबाऱ्यावर आहेच, म्हणून १२,००० चालू राहतात. जुनी माणसं वाटणीत आईबापाचा वाटा वेगळा काढायची. जो सांभाळील तो कसंल, असं तोंडी असायचं. ती रीत चांगलीच होती. तुम्ही फक्त ती कागदावर आणायची.

विहिरीच्या दोन एकरांचं मृत्युपत्र करून ठेवा. त्याला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा. डॉक्टरांचा एक कागद जोडा की माणूस शुद्धीवर आहे. त्यात लिहा की तुमच्या मागं वहिनी हयात असेपर्यंत त्या जमिनीचं उत्पन्न त्यांचं, त्यांच्यानंतर ज्याला द्यायचं त्याला. मृत्युपत्राचा मोठा गुण हा की ते हवं तेव्हा फाडून नवं करता येतं. घरातल्यांना हे माहीत असलं की घर जरा नीट वागतं. हे मी थोडं गमतीनं लिहितेय, पण थोडंच.

आता ठोका. कसणारा कूळ होऊन जमिनीवर हक्क सांगेल, ही तुमची भीती मला कळते, ती तुमच्या वडिलांकडून आली असणार. आपल्याकडं निजामाचं राज्य १९४८ ला गेलं आणि लगेच १९५० ला हैदराबादचा कुळवहिवाट कायदा आला. मराठवाड्यात आजही तोच लागू आहे, पश्चिम महाराष्ट्राचा वेगळा आहे. त्या काळी ज्यांची नावं कूळ म्हणून चढली त्यांना जमिनी मिळाल्या, आणि ज्यांच्या गेल्या त्यांच्या घरात ती गोष्ट तीन पिढ्या सांगितली जाते. त्या भीतीनं आज काय होतं? वयस्कर माणसं जमीन पडीक ठेवतात पण देत नाहीत. दिली तर बिनकागदाची, आणि दरवर्षी माणूस बदलून. दरवर्षी बदलणारा माणूस शेणखत टाकत नाही, बांध घालत नाही. त्याला पुढच्या पाडव्याचा भरवसाच नसतो, मग तो जमीन पिळून घेतो. तुम्हीही त्याच्या जागी तेच केलं असतं.

उपाय: कागद करा. कुणाला, कुठला गट, किती गुंठे, कधीपासून कधीपर्यंत, रक्कम किती, कधी द्यायची, मुदत संपली की ताबा परत. मुदत एका हंगामवर्षाची, पाडव्यापासून पाडव्याच्या आधीपर्यंत. दरवर्षी नवा कागद, मधे आठ दिवस जमीन तुमच्या ताब्यात. पहिला कागद तालुक्याच्या वकिलाला दाखवून घ्या, पुढच्या वर्षी त्याचीच नक्कल चालेल. ई-पीक पाहणी तुम्ही स्वतः, म्हणजे धाकट्याच्या मोबाइलवरून, तुमच्या नावानं करा. एवढ्यानं कुळाची भीती पूर्ण जाते असं मी म्हणणार नाही, ते त्याच वकिलाला विचारून घ्या. 

बटई, म्हणजे पिकाच्या वाट्यानं द्यावी, की ठोक्यानं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगते. निम्म्या बटईत बियाणं-खत निम्मं तुमचं, पाऊस गेला तर तोटाही निम्मा तुमचा, आणि खळ्यावर मोजायला जायला गुडघे हवेत. तुमच्या वयाला ठोका बरा. पैसा पेरणीआधी हातात येतो. निम्मे पाडव्याला, निम्मे मृगाच्या आत घ्या, 'माल निघाल्यावर देतो' याला तयार होऊ नका.

एका गोष्टीवरून मात्र पाव्हण्याशी आधीच बोला. सप्टेंबर २०२५ ला गोदावरीनं काय केलं ते तुम्ही पाहिलंय. अशा वर्षी सरकारी मदत येते ती सातबाऱ्यावरच्या माणसाच्या खात्यावर. बियाणं, खत, मजुरी गेलेली असते ठोकेवाल्याची. केंद्राच्या निकषानं कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० मिळतात. माझ्या माहेरच्या गावात याच साडेआठ हजारांवरून दोन सख्खे शेजारी मारुतीच्या पारावर एकमेकांची आई-बहीण काढताना मी ऐकलेत. जमीनवाला म्हणत होता, माझा ठोका मला मिळाला, अनुदान सरकारनं माझ्या नावावर दिलं, तुझा संबंध काय? ठोकेवाला म्हणत होता, सोयाबीन कुणाचं वाहून गेलं? दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, चुकलं होतं ते कागद न करण्यात. पीकविम्याचंही तेच, भाडेकरार नोंदवलेला नसेल तर कसणाऱ्याला स्वतःच्या नावानं विमा काढता येत नाही. तेव्हा कागदातच लिहा: विम्याचा हप्ता कोण भरणार, भरपाई आली तर किती कुणाची, आणि जमीन खरडून गेली तर त्याची मदत मालकाची. माझा सल्ला, पिकाच्या मदतीतला मोठा वाटा कसणाऱ्याला द्या. पुढच्या वर्षी तोच माणूस परत हवा आहे ना?

तीन एकरांपैकी कुठली द्यायची ते वाटणीनंतर बघा. थोरल्याचे २४ गुंठे आणि तुमच्या दोघांचे ४८ असे एकत्र ठोक्यानं दिले तर पाव्हण्यालाही परवडेल, एकेक तुकडा कुणी घेत नाही. लेकीनं तिचा वाटा राहू दिला तर तोही त्यात येईल. विहिरीची दोन एकर धाकट्याकडं द्या, पण त्याच्याकडूनही वर्षाचा आकडा ठरवून घ्या. बाजारभावापेक्षा कमी घ्या, पण घ्या, आणि तुमच्या खात्यावर घ्या. पोराकडून कसले पैसे घ्यायचे, असं वाटेल. मग ती तंबाखूची वही आठवा. त्या दोन एकरांत विहिरीजवळचे पाच-सात गुंठे तुमच्या हाताखाली राहू द्या, भाजीला आणि घासाला. काम पूर्ण सुटलेली शेतकरी माणसं लवकर खचतात, हे मी घरात बघितलंय.

एक बाहेरची गोष्ट. दक्षिण कोरियात २०११ पासून 'शेतजमीन पेन्शन' नावाची योजना आहे. म्हातारा शेतकरी जमीन सरकारी महामंडळाकडं तारण ठेवतो, त्याला दरमहा ठरलेली रक्कम मिळते, आणि जमीन तो स्वतः कसू शकतो नाहीतर भाड्यानं देऊ शकतो. आपल्याकडं घरावर अशी उलटी कर्जं मिळतात, शेतजमिनीवर नाही. ती येईल तेव्हा येईल. तोवर तुमचा ठोका आणि तुमचे १२,००० हीच तुमची पेन्शन समजा. पाव्हण्याचा भाव धरला तर दोन्ही वाट्यांचे ४८ गुंठे वर्षाला साधारण १४,४०० देतील. त्यात धाकट्याचा विहिरीचा ठोका आणि किसानचे हप्ते घाला. एजंटाच्या दीड हजारापेक्षा आकडा मोठा निघतो, आणि त्यासाठी कुणाचं वय वाढवावं लागत नाही.

वहिनी. लाडकी बहीणचे दीड हजार त्यांना येत असतील तर ते ६५ पर्यंतच आहेत, दोन वर्षांनी थांबतील. तेव्हा घरात 'आता तुझं काय' असं कुणी म्हणायच्या आत त्यांच्या नावावर काही असू द्या. वाटणीत त्यांचा वाटा निघेल तो त्यांच्याच नावावर चढवा, तुमच्या नावात मिसळू नका. वाटणी काही कारणानं लांबली तर निदान तुमच्या सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून त्यांचं नाव लावा. त्याला लक्ष्मी मुक्ती म्हणतात. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ही मोहीम गावोगाव नेली होती, आणि १९९२ साली सरकारनं त्याचं परिपत्रकही काढलं. तलाठ्याकडं नवऱ्यानं अर्ज द्यायचा, बस. तुमच्या परभणी जिल्ह्यातली जुनी संघटनेची माणसं विचारली तर सांगतील. तरी आज कुठल्याही गावचा आठ-अ उघडा आणि बायकांची नावं मोजा.

आणि त्यांचं बँकेचं पुस्तक कुणाकडं असतं, तेही बघा. पैसे काढायला त्या सेवा केंद्रावर गेल्या की काय होतं ते मला माहीत आहे. मशीनवर अंगठा उठत नाही. तो पोरगा म्हणतो, "आजी, डोक्याला पुसा बोट." त्या बोट केसांवर घासतात, तेलकट बोट परत काचेवर ठेवतात, परत लाल दिवा. चाळीस वर्षं खुरपं धरलेल्या बोटावर रेषा कुठून राहणार? मग ती बाई पुस्तक पोराकडं देऊन टाकते. तसं होऊ देऊ नका. आधार केंद्रावर जाऊन दहाही बोटं आणि डोळे परत नोंदवून घ्या, एखादं बोट तरी चालतंच. नाहीतर सरळ बँकेत जाऊन स्लिप भरून पैसे काढा.

धाकट्याला माझा निरोप द्या. त्याला म्हणावं, बापाच्या पेन्शनीचा विचार करतोस ते चांगलंच, पण तुझी काय? तो ३५ चा आहे, चाळिशीपर्यंत अटल पेन्शन योजनेत जाता येतं. या वयाला महिन्याला ९०२ रुपये भरले तर साठीनंतर ५,००० मिळतात, कमी भरले तर त्या प्रमाणात कमी. आयकर भरणारा नसावा, एवढीच अट. पंचवीस वर्षांनी पाच हजाराला काय किंमत उरेल असं तो विचारेल, आणि त्याचं बरोबर आहे. तरी हजाराचं दूध घालणाऱ्याला नऊशे रुपये बाजूला काढणं जमतं का, ते त्यालाच कळू द्या.

पाडव्याआधी तीन कामं उरकून घ्या: खरेदीखत शोधणं, लेकीला फोन, पाव्हण्याचा कागद. वाटणीला वेळ लागेल, लागू द्या. त्या पाच हजारवाल्याला 'सध्या राहू द्या' म्हणून सांगा, भांडू नका, गावात राहायचंय. वहिनी ६५ च्या झाल्या आणि तेव्हा खरोखर उत्पन्न बसत असलं, तर अर्ज सेतूतून किंवा थेट तहसीलमध्ये द्या.

गाईचं मी काही सांगणार नाही. धार कोण काढतं, पहाटे उठून चारा कोण टाकतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण तुमचे गुडघे गेलेत आणि धाकटा दूध घालायला जातो म्हणजे मला अंदाज आहे. त्यांना विचारा.